मोडलंय कोपर, मग डॉक्टर बोटं का बघतायत?

प्रश्न असा आहे. सहा वर्षांची मुलगी दुपारी पेरूच्या झाडावरून डाव्या हातावर पडली. एक्स-रेत ‘सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर, टाइप ३’ निघालं, म्हणजे कोपराच्या थोडं वर दंडाचं हाड मोडून तुकडे सुटे झालेत. हाताला मागून स्लॅब (प्लास्टरची अर्धी पन्हळ) बांधून तिला दाखल करून घेतलंय आणि उद्या सकाळी भूल देऊन तारा घालणार आहेत. डॉक्टर आणि सिस्टर दर तासाला येतात, मनगटाची नाडी बघतात, अंगठा आणि तर्जनीचं गोल वर्तुळ करायला लावतात. ते वर्तुळ तिला जमत नाहीये. वडील विचारतात: मोडलंय कोपर, मग बोटं का तपासतात? नुसतं प्लास्टर का चालत नाही? हात वाकडा राहील का? आणि आजींचं म्हणणं आहे की गावाकडच्या हाडवैद्याने हे कधीच बसवलं असतं. ते नाही तर निदान नंतर तेल लावून चोळून तरी घ्या.

तालुक्याच्या गावात पंचवीस वर्षं हाडांची कामं करतोय. आमच्याकडे मे महिना हा आंब्यांचा तसाच कोपरांचाही हंगाम. झाडं, गच्चीचे कठडे, बागेतले झोपाळे आणि सुट्टीला आलेली पोरं. त्यामुळे हे चारही प्रश्न मला नवीन नाहीत.

आधी आजच्या रात्रीचं. स्लॅब बांधून, औषध देऊनही दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, तुम्ही तिची बोटं हलकेच सरळ करायला गेलात आणि ती किंचाळली, बोटं पांढरी किंवा गार लागली, तर सकाळची वाट बघू नका. सिस्टरला लगेच बोलवा, पुन्हा पुन्हा बोलवा. लहान मूल ‘आत आवळल्यासारखं होतंय’ असं सांगत नाही. ते नुसतं चिडतं, कण्हतं, आईला सोडत नाही आणि सारखं औषध मागतं. अशा वेळी दुखण्याचं औषध वाढवून तिला झोपवणं ही सगळ्यात मोठी चूक. हात उशीवर राहू द्या, कोपर आहे त्याहून जास्त वाकवू नका.

आता बोटांचं. त्यासाठी थोडा हात समजून घ्यावा लागेल.

दंडात हाड एकच, ह्युमरस. वरच्या निम्म्या भागात ते नळीसारखं गोल असतं. खाली येता येता चपटं होत जातं आणि कोपराच्या थोडं वर त्याचे दोन खांब होतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. खांबांच्या मध्ये पुढून एक लहान खळगा आणि मागून एक मोठा. हात सरळ केला की कोपराचं मागचं टोक, जे आपण टेबलावर टेकवतो, ते या मागच्या खळग्यात जाऊन बसतं. दोन खळग्यांच्या मधला हाडाचा पडदा इतका पातळ असतो की हाड दिव्यासमोर धरलं तर पलीकडचा उजेड जाणवतो. काही माणसांत तिथे चक्क भोक असतं, आणि त्यांचं काही बिघडत नाही.

पाच ते सात वर्षांच्या मुलांत हा भाग विशेष नाजूक असतो, आणि त्यांचे सांधेही सैल. बऱ्याच मुलांचं कोपर सरळ झाल्यावरही पुढे थोडं उलटं वाकतं. पडताना तळहात जमिनीवर टेकतो, कोपर उलटं जातं, मागचं टोक खळग्यात पहारीसारखं अडकतं आणि त्या पातळ जागी हाड उचकटतं. मोठा माणूस तसाच पडला तर बहुधा मनगट मोडतो किंवा कोपर निखळवून घेतो.

मोडलंय की निखळलंय, हे एक्स-रेच्या आधीही बोटांनी बरंचसं कळतं. स्वतःचं कोपर काटकोनात वाकवा. मागचं टोक आणि दोन्ही बाजूंचे उंचवटे अशा तीन बिंदूंचा त्रिकोण लागतो. हात सरळ केला की तिन्ही एका रेषेत येतात. निखळलेल्या कोपरात हा त्रिकोण बिघडतो. तुमच्या मुलीच्या फ्रॅक्चरमध्ये तो शाबूत असतो, कारण मोड त्या तिन्ही बिंदूंच्या वर आहे. हात सुजायच्या आधी हे बघायला मिळालं तर. सूज आल्यावर त्रिकोण शोधत बसू नये, मुलाला नुसता त्रास.

मोडल्यावर खालचा तुकडा मागे सरकतो आणि वरच्या तुकड्याचं धारदार टोक पुढे येतं. पुढे काय आहे ते पुन्हा स्वतःच्या हातावर बघा. कोपर थोडं वाकवून तळहात वर करा. कोपराच्या घडीत मधोमध दोरीसारखा कडक लागतो तो बायसेप्सचा स्नायुबंध. त्याच्या आतल्या बाजूला, करंगळीकडे, बोट टेकवलं की ठोके लागतात: ही ब्रेकियल आर्टरी, अख्ख्या हाताला रक्त देणारी मुख्य धमनी. बीपी मोजताना स्टेथोस्कोप इथेच ठेवतात. तिच्याही आतल्या बाजूला चिकटून मीडियन नर्व्ह, म्हणजे बोटांकडे जाणारी एक मुख्य नस. या दोघी आणि हाड यांच्यामध्ये गादीसारखा एकच स्नायू असतो, ब्रेकियालिस. त्याचं नाव लक्षात ठेवा, आजींच्या प्रश्नाला तो पुन्हा येणार आहे. वरून बायसेप्सपासून निघालेली एक पातळ पण चिवट पट्टी धमनीवर आडवी पसरलेली असते. शिरेतून रक्त काढताना सुई धमनीपर्यंत जाऊ नये म्हणून ही पट्टी आड येते; रक्त काढून उपचार करायच्या जमान्यात युरोपातले लोक तिला ‘देवाची कृपा’ म्हणत. पण खाली सूज आली की हीच पट्टी धमनीवर दाब ठेवते.

म्हणजे हाड मोडलंय कोपरात, पण ज्यांना धोका आहे त्यांचं काम दिसतं बोटांत. डॉक्टर बोटं बघतात ते यासाठी.

वर्तुळाचं कोडं तर मला आजही आवडतं. मीडियन नर्व्हपासून कोपराच्या जरा खाली एक फांदी खोल आत जाते. अंगठ्याचं शेवटचं पेर आणि तर्जनीचं शेवटचं पेर वाकवणारे स्नायू तिच्यावर चालतात. कातडीला संवेदना ती देतच नाही. त्यामुळे ती दुखावली तरी मुलाला बधिरपणा वाटत नाही, मुंग्या येत नाहीत, मूठही साधारण वळते. फक्त अंगठा आणि तर्जनीची टोकं वाकवून वर्तुळ करायला सांगितलं की गोल होत नाही, दोन्ही बोटं चपटी एकमेकांना टेकतात. या प्रकारच्या फ्रॅक्चरमध्ये सगळ्यात जास्त वेळा दुखावते ती हीच फांदी, आणि विचारलं नाही तर ती कुणालाच सापडत नाही. तुमच्या डॉक्टरांनी ती ऑपरेशनच्या आधी शोधून केसपेपरवर लिहिली, हे चांगलंच झालं. नाही तर उद्या तारा घातल्यावर वर्तुळ होत नाही हे दिसलं असतं आणि तार नसेत घुसली की काय म्हणून सगळ्यांची झोप उडाली असती.

बाकीच्या नसांसाठी मी मुलांशी स्टोन-पेपर-सिझर खेळतो. मूठ वळली तर मीडियन नर्व्हचा मुख्य भाग ठीक, पंजा उघडून मनगट वर आलं तर रेडियल, दोन बोटांची कात्री उघडली तर अल्नर. तपासणी होऊन जाते आणि मूल मला हरवल्याच्या आनंदात रडायचं विसरतं.

नाडीबद्दल. काही मुलांत मनगटाची नाडी लागत नाही, पण हात गुलाबी आणि उबदार असतो. कोपराभोवती लहान धमन्यांचं जाळं आहे. हायवेवर झाड पडलं की गाड्या गावातून वळून जातात, तसं रक्त त्या जाळ्यातून खाली पोचतं. अशा वेळी हाड जागेवर बसवलं की बहुतेकदा मुख्य धमनीचा ताण सुटतो आणि नाडी परत येते. नाही आली तरी हात उबदार असेल तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. पण हात पांढरा आणि गार असेल तर एक तासही घालवता येत नाही. हाड ताबडतोब बसवायचं, आणि तरी रंग आला नाही तर धमनी उघडून बघायची.

याहून कपटी गोष्ट म्हणजे आतला दाब. पुढच्या हाताचे, म्हणजे कोपर ते मनगट या भागाचे, स्नायू न ताणणाऱ्या आवरणात बंद असतात. आत सूज वाढली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि स्नायू उपाशी राहतात. मनगटाची मोठी नाडी तेव्हाही लागत असते, म्हणून नुसत्या नाडीवर विसंबता येत नाही. साधारण सहा तासांनंतर स्नायू मरायला लागतात आणि मेलेल्या स्नायूची जागा न ताणणारी दोरी घेते. मनगट खाली वाकतं, बोटं आत वळून कायमची आखडतात. रिशार्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने १८८१ मध्ये याचं वर्णन केलं आणि त्याचं कारण म्हणून घट्ट पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

मी हे पुस्तकात वाचलं त्याच्या पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष बघितलं. आठ वर्षांचा मुलगा, कोपराला बांबूच्या कामट्या आणि वर करकचून सुती पट्टी, पाचव्या दिवशी आलेला. घरच्यांनी सांगितलं, पहिले दोन दिवस फार ओरडला, मग शांत झाला. आम्ही पट्टी सोडली तेव्हा तो शांत का झाला ते कळलं. हाड पुढे व्यवस्थित जुळलं, अगदी सरळ. त्या हाताने त्याला पेन्सिल मात्र धरता आली नाही. हाडवैद्यांवर माझा सरसकट राग नाही. त्यांच्यापैकी काहींच्या बोटांना खरंच जाण असते, आणि घट्ट प्लास्टर घालणारे पदवीवालेही मी पाहिलेत. पण या एका फ्रॅक्चरला वरून गुंडाळलेली घट्ट कुठलीही वस्तू चालत नाही. म्हणूनच तुमच्या मुलीला गोल प्लास्टर घातलेलं नाही, मागून अर्धी पन्हळ ठेवून सैल बांधलंय.

दुसरा प्रश्न, नुसतं प्लास्टर का नाही. गार्टलँड या अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकाने १९५९ मध्ये या फ्रॅक्चरचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात हाड सरकलेलं नसतं, त्याला तीन आठवडे प्लास्टर पुरतं. दुसऱ्यात मागची कड टिकून असते. तिसऱ्यात दोन तुकड्यांचा संबंध सुटलेला असतो. तो बसवता येतो: भूल देऊन हात ओढायचा, तुकडा आत-बाहेर सरळ करायचा, मग अंगठ्याने मागचं टोक पुढे ढकलत कोपर वाकवायचं. अडचण नंतरची. नुसत्या प्लास्टरमध्ये हा तुकडा जागेवर ठेवायचा तर कोपर काटकोनापेक्षा बरंच जास्त वाकवून ठेवावं लागतं. आणि सुजलेलं कोपर तेवढं वाकवलं की पुढची धमनी बागेतल्या पाइपासारखी दुमडते. हाड धरावं तर रक्त जातं, रक्त सांभाळावं तर हाड सुटतं. तारांनी हा पेच सुटला. दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या दोन-तीन तारा कातडीतूनच, कापल्याशिवाय, एक्स-रेच्या पडद्यावर बघत घालतात. मग कोपर कमी वाकवून ठेवता येतं. तीन-चार आठवड्यांनी त्या ओपीडीतच ओढून काढतात, बहुधा भूल न देता. त्या वेळी चक्कर येते ती वडिलांना.

तारा शक्यतो बाहेरच्या बाजूने घालतात. आतल्या उंचवट्याच्या मागच्या खाचेतून अल्नर नर्व्ह जाते. कोपर दाराला आपटल्यावर करंगळीपर्यंत करंट जातो ना, तीच. काही मुलांत कोपर वाकवलं की ती खाचेतून पुढे घसरते, अगदी तारेच्या वाटेवर. फ्रॅक्चर तिरकं असेल तर कधी आतूनही एक तार घालावी लागते. त्यासाठी डॉक्टर कोपर थोडं सरळ करतात किंवा छोटा छेद घेऊन नस बाजूला आहे याची खात्री करतात. तशी खूण दिसली तर घाबरू नका.

वाकडेपणाचं उत्तर हाडाच्या वाढीत आहे. ह्युमरसची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या टोकाला होते आणि कोपराकडे जेमतेम २० टक्के. म्हणून सहा वर्षांच्या मुलाचं खांद्याजवळ मोडलेलं हाड बरंच वाकडं जुळलं तरी वाढता वाढता सरळ होतं, आणि आम्ही गळ्यात झोळी अडकवून घरी पाठवतो. कोपराजवळ ती चैन नाही. पुढे-मागे थोडा फरक राहिला तर लहान वयात काहीसा भरून निघतो, पण आत झुकलेलं हाड झुकलेलंच राहतं. हात सरळ सोडून तळवे पुढे केले की पुढचा हात जरा बाहेर वळलेला दिसतो, साधारण ५ ते १५ अंश. तुकडा आत झुकून जुळला तर हा कोन उलटतो आणि हात बंदुकीच्या दस्त्यासारखा दिसतो. वापरात सहसा अडत नाही, दिसायला मात्र खटकतं, आणि पुढे नीट करायचं तर हाड कापून बसवावं लागतं. उद्या हाड नीट बसून तारांनी धरलं गेलं तर याची भीती फारशी नाही.

तुमच्या मुलीच्या चांगल्या हाताचाही एक्स-रे काढला असेल तर बिल वाढवलं म्हणू नका. लहान मुलाचं कोपर निम्मं कूर्चेचं असतं आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. कूर्चेत हाड तयार व्हायची सहा केंद्रं एकामागून एक दिसायला लागतात, ढोबळमानाने १, ३, ५, ७, ९ आणि ११ व्या वर्षी. नवख्याला तुटका तुकडा वाटतो तो कधी नवा उगवलेला असतो, आणि उगवलेला वाटतो तो कधी तुटलेला. खरी फसवणूक होते बाहेरच्या खांबाच्या टोकाच्या फ्रॅक्चरमध्ये. एक्स-रेत नखाएवढी चीर दिसते, प्रत्यक्षात सांध्याचा मोठा भाग सुटलेला असतो. तो सांध्याच्या पाण्यात भिजत राहतो, स्नायू त्याला ओढत राहतात आणि जुळत नाही. कोपर हळूहळू बाहेर वळत जातं आणि अल्नर नर्व्ह वर्षानुवर्षं ताणली जाते. चाळिशीतला शेतकरी येतो, करंगळी बधिर, पंजातलं मांस गेलेलं, विळा धरवत नाही. लहानपणी बैलगाडीवरून पडलो होतो, मालिश करून बरं झालं होतं, असं सांगतो.

वर्तुळ परत जमेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. नस दुखावली म्हणजे तुटली असं नाही. बंद कातडीखाली मोडलेल्या हाडाने ती बहुधा ताणली किंवा चेचली जाते. बहुसंख्य मुलांत तीन-चार महिन्यांत ती परत काम करते. मोठ्यांतही असंच. पंजा लढवताना दंडाच्या खालच्या भागात हाड पिळून मोडलेले तरुण वर्षातून एक-दोन येतात. तिथे रेडियल नर्व्ह हाडाला मागून वळसा घालून पुढे येते, मोडताना ओढली जाते आणि मनगट गळून पडतं, वर उचलता येत नाही. बहुतेकांचं मनगट काही महिन्यांत परत उठतं. धीर धरायचा, तोवर पट्टीने आधार द्यायचा आणि दर महिन्याला तपासायचं. तुमच्या मुलीसाठी घरी रोज एकदा वर्तुळ करायचा खेळ पुरे. चार महिन्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर मात्र पुढच्या तपासण्या कराव्या लागतात.

आता आजी. त्यांना माझ्यातर्फे एवढं सांगा. तो ब्रेकियालिस स्नायू सांध्याला पुढून थेट चिकटलेला असतो. हाड मोडताना त्याचं टोक याच स्नायूत घुसतं, आत रक्त साकळतं. असा जखमी स्नायू चोळला, जोर लावून कोपर वाकवलं-सरळ केलं, की त्यात चक्क हाड तयार होऊ शकतं. मग मोडलेलं हाड जुळलेलं असतं, पण कोपर मधेच कुठेतरी अडकून बसतं. कडक झालेल्या कोपरांपैकी सगळ्यात अवघड कोपरं माझ्याकडे आली ती मालिशवाल्याकडून, आणि दोन-तीन अतिउत्साही फिजिओथेरपीकडूनही.

तारा काढल्यावर कोपर आखडलेलं दिसेल. आई घाबरेल, शेजारी तेलाची बाटली घेऊन येतील. काही करू नका. मुलांचं कोपर स्वतःच्या जोरावर सुटतं, काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. शेवटचे काही अंश सरळ व्हायला कधी जास्त वेळ जातो. आजींनी तिला वेणी स्वतः घालायला लावावी, पत्ते वाटायला द्यावेत, भाताचे मुटके वळायला बसवावं. तेल डोक्याला लावावं, कोपराला नको.